फौजी वडिलांची लढाईनंतरची पत्रं सापडली तर: वाचायची कशी, काळ कसा लावायचा, जपायची कशी

घर पाडायला काढलं की किंवा आजी गेल्यावर माळा आवरायला घेतला की काळी ट्रंक खाली येते, वर पांढऱ्या पेंटने नंबर, रँक, नाव, आणि आत युनिफॉर्मच्या खाली सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तर घराघरात असा गठ्ठा निघतो. बहुतेक लोक काय करतात, तर लगेच सुतळी सोडतात, पत्रं जमिनीवर पसरतात आणि "काय लिहिलंय बघू" म्हणून एकेक हातोहात फिरवतात. थोडं थांबा.

सुतळी सोडायच्या आधी गठ्ठ्याचे चारी बाजूंनी मोबाईलने फोटो काढा, कारण आईने किंवा आजीने ती ज्या क्रमाने ठेवली तो क्रम हीच तुमची पहिली माहिती असते आणि एकदा विस्कटला की परत लागत नाही. मग एकेक पत्र काढताना कागदाच्या मागे कोपऱ्यात हलक्या पेन्सिलीने नंबर टाका, पेन नाही, स्टिकर तर अजिबात नाही. आणि पाकीट आणि आतलं पत्र कधीच वेगळं करू नका. पाकीट टाकून फक्त पत्र ठेवणारे लोक मी पाहिलेत, निम्मी माहिती पाकिटावर असते हो.

आता एक गैरसमज. पत्रावर जानेवारी ७२ किंवा मे ७२ ची तारीख दिसली की लोक म्हणतात लढाई तर १६ डिसेंबर १९७१ ला संपली, मग बाबा घरी का नाही आले, तारीख चुकली असेल. चुकलेली नसते. लढाई थांबली म्हणजे फौज घरी येते असं नसतं. पूर्वेकडे गेलेली आपली फौज बांगलादेशातून मार्च १९७२ मध्ये बाहेर पडली. पश्चिमेला ताब्यात आलेल्या मुलखात आपली माणसं त्याहून कितीतरी जास्त थांबली, २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला आणि प्रत्यक्ष माघार पूर्ण व्हायला डिसेंबर ७२ उजाडला. शिवाय सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारतातल्या कॅम्पात होते, ते सगळे परत जाईपर्यंत १९७४ आलं, म्हणजे कोणाच्या वडिलांची ड्युटी त्या कॅम्पावर लागली असेल तर त्यांची पत्रं आणखी पुढची. ६५ चंही तसंच, गोळीबार २३ सप्टेंबरला थांबला पण ताश्कंद करार १० जानेवारी १९६६ चा आणि सैन्य मागे फिरलं फेब्रुवारीअखेर. त्याच्या मागे गेलात तर दुसरं महायुद्ध १९४५ ला संपल्यावरसुद्धा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन जपानमध्ये होती, त्यामुळे पणजोबांचं १९४६ चं पत्र जपानहून आलेलं निघालं तर दचकू नका.

आणि लहान पोरांना लिहिलेली जास्तीत जास्त पत्रं याच काळातली सापडतात असं माझं मत आहे. लढाई चालू असताना दोन ओळी "मी खुशाल आहे, काळजी नसावी" एवढंच जायचं. नंतरच्या त्या रिकाम्या महिन्यांत माणसाला बसून लिहायला वेळ मिळतो, पोरगं कितवीत गेलं ते आठवतं.

पाकिटाकडे येऊ. पत्त्यात गावाचं नाव नसेल, "मार्फत ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" असेल (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). ५६ म्हणजे दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसमधून जाणारं टपाल, ९९ म्हणजे कलकत्त्याच्या, तर ९९ दिसलं की पूर्वेकडचा विचार करा. शिक्क्यावर "एफपीओ" (फील्ड पोस्ट ऑफिस) आणि एक नंबर असतो, खाली तारीख, ठिकाण मुद्दामच नसतं. हा नंबर वहीत लिहून ठेवा. फौजी टपालाचे शिक्के जमवणारे लोक असतात, त्यांना नंबर आणि तारीख दोन्ही सांगितलं तर ते बऱ्याचदा अंदाज देतात, नुसता नंबर देऊन उपयोग नाही कारण पोस्ट ऑफिस युनिटबरोबर हलायचं.

शिक्का पुसट असेल तर बाकीच्या खुणा बघा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही, पिनकोड तेव्हाच सुरू झाला (फौजेचे पिन ९ ने सुरू होतात). उलट पिन नाही म्हणजे जुनंच असं मात्र म्हणू नका, लोक कितीतरी वर्षं पिन लिहीतच नव्हते, आजही काही लिहीत नाहीत. तिकिटावर आणे असतील तर १९५७ च्या आधीची छपाई, "नये पैसे" असेल तर ५७ ते ६४ मधली. निळसर इनलँड (आंतर्देशीय पत्र) असेल तर १९५० च्या पुढचं. आणि ५ पैशांचं कुटुंब नियोजनाचं तिकीट, त्यावर "रिफ्यूजी रिलीफ" असं वरून छापलेलं दिसलं तर खूश व्हा, तो निर्वासितांसाठीचा जादा कर नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ एवढाच होता, म्हणजे पत्र त्याच काळातलं असणार हे जवळपास पक्कं. हे तिकीट जास्त करून घरून फौजेकडे गेलेल्या पाकिटावर सापडेल.

आतल्या मजकुरातून तारीख काढायची तर सण बघा. "तिळगूळ मिळाला, डब्याला मुंग्या लागल्या होत्या" असं लिहिलंय म्हणजे संक्रांतीनंतर टपालाचे दिवस धरून हिशोब. काहीजण तिथी लिहायचे, जुनं पंचांग किंवा मोबाईलवरचं पंचांग काढलं की तारीख निघते.

आता वाचणं, यात खरी मजा आहे आणि इथेच घाई होते. पत्र "चि. बाळूस अनेक आशीर्वाद" असं सुरू होतं म्हणून ते फक्त बाळूला आहे असं समजू नका. बाळू दुसरीत, त्याला धड वाचता येत नाही, पत्र येणार ते ओट्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाणार, वाचणारा कधी चुलता तर कधी शाळेतले गुरुजी. बायकोला सरळ पत्र लिहायचं तर आधी सासू-सासरे ऐकणार, तेव्हा नवरा-बायकोचं बोलणं पोरांच्या पत्रातून जायचं. "तुझ्या आईला सांग" ही तीन अक्षरं जिथे जिथे येतील तिथे पेन्सिलीने नाही, वेगळ्या कागदावर नोंद करा (मूळ पत्रावर मागच्या नंबराशिवाय दुसऱ्या खुणा नकोत) आणि फक्त तेवढ्या ओळी सलग वाचून बघा, एक वेगळंच पत्र तयार होतं. बरं तीन अक्षरं नाही, तीन शब्द, तुम्हाला कळलं.

आमच्या घरातलं एक सांगतो. इनलँड, शिक्का फेब्रुवारी ७२ चा, पप्पांनी माझ्या मोठ्या भावाला उंट कसा बसतो ते लिहिलंय, आधी पुढचे गुडघे टेकतो मग मागचे, तू करून बघ आणि पडलास तर मला कळव. बाजूला उंटाचं चित्र, पाय बैलासारखे आलेत. आणि उंटाच्या पोटाखाली जी जागा उरली तिथे बारीक अक्षरात, आईला सांग बैल विकू नका पेरणीच्या आत मी येतो. वाचणाऱ्याला उंट दिसतो, आईला बैल. आणि आपल्याला आज त्याच उंटावरून आणखी एक गोष्ट मिळते. ठिकाण लिहायला मनाई, पण उंट म्हटल्यावर काश्मीर नाही आणि बंगाल तर नाहीच, वाळवंट. राजस्थानातल्या बाडमेरच्या बाजूने आपली फौज सिंधमध्ये शिरली होती आणि तो भाग ७२ च्या शेवटापर्यंत आपल्याकडे होता. मग मेडल काढून बघितली तर पश्चिमी स्टार, म्हणजे ७१ च्या पश्चिम आघाडीचं मेडल, जुळलं. पूर्व आघाडीचा "पूर्वी स्टार" असता तर उंटाचं कोडं पडलं असतं. ६५ वाल्यांनी समर सेवा स्टार आहे का बघावं.

तर अशा खुणा शोधायच्या: जनावरं, झाडं, पाणी कसं आहे, थंडी किती, जेवणात भात की रोटी. मुलांना लिहिताना माणूस हेच लिहितो कारण लढाईबद्दल लिहायचं नसतं आणि लिहिता येतही नाही. मेलेल्या दोस्ताचं नाव पत्रात सापडेल ही अपेक्षा ठेवू नका. कधीकधी एखादं नाव चार पत्रांत येतं, "पाटीलकाका तुम्हाला आशीर्वाद सांगतात", आणि पाचव्यापासून येतच नाही. त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, बदली झाली असेल, सुट्टीवर गेले असतील. पण नोंद करून ठेवा, नंतर युनिटच्या माणसाला विचारता येतं.

अक्षर वेगवेगळं दिसलं तर घाबरू नका, वडिलांना लिहिता येत नसेल तर कंपनीतला दुसरा कोणी लिहून द्यायचा, भाषा मग एकदम पुस्तकी होते, "इकडील सर्व क्षेम असून" वगैरे, आणि शेवटच्या दोन ओळीत अचानक घरची बोली येते, त्या दोन ओळी त्यांनी सांगितल्या तशाच उतरल्यात. महायुद्धाच्या काळातलं पत्र मोडी लिपीत असू शकतं, ते "वाचता येत नाही" म्हणून बाजूला टाकू नका, राज्याच्या पुराभिलेख विभागाकडून मोडीचे वर्ग चालतात, तिथे शिकलेले लोक वाचून देतात. इंग्रजी अक्षरात हिंदुस्तानी लिहिलेलंही निघतं, तेव्हा फौजेत रोमन लिपीत उर्दू शिकवायचे. ते इंग्रजी समजून वाचायला गेलात तर काहीच लागणार नाही, मोठ्याने वाचा म्हणजे लागेल.

जपण्याबद्दल, थोडक्यात पण कडक शब्दांत. लॅमिनेशन करू नका. आमच्या नात्यातल्या एकांनी प्रेमाने दुकानात नेऊन सगळी पत्रं लॅमिनेट करून आणली, आता ती निघत नाहीत आणि कागद आत पिवळा पडत चाललाय. सेलोटेप नाही, फेविकॉल नाही, टाचण्या आणि स्टेपल गंजलेल्या असतील तर हळूच काढून टाका, गंज कागद खातो. इनलँड घडीवर फाटतं, म्हणून सारखं उघडबंद न करता एकदा उलगडून सपाट ठेवायचं. चिकटलेली पत्रं पाण्याच्या वाफेवर धरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, खासकरून जुन्या पत्रांच्या बाबतीत, कारण बरीच कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली असतात, दिसायला साधी पेन्सिल पण ओल लागली की जांभळी होऊन पसरते, आणि एकदा पसरली की अक्षर गेलं. शाईचंही तेच. चिकटलेलं असेल तर कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच न्या.

ठेवायला आम्लमुक्त कागदाचे फोल्डर मिळतात ते घ्या, पारदर्शक हवं असेल तर पॉलिएस्टरचं, बाजारातले मऊ वास येणारे पीव्हीसीचे अल्बम नको. माळ्यावर नाही, बाहेरच्या भिंतीला लागून नाही, पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून कसर लागली का बघायचं. डांबरगोळ्या टाकल्या तरी कागदाला लागतील अशा ठेवू नका.

स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, नसेल तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात मोबाईल, फ्लॅश बंद, कागद सपाट, मोबाईल बरोब्बर वरून. दोन्ही बाजू, कोरी बाजूसुद्धा, आणि पाकिटाच्या दोन्ही बाजू. फाइलला नाव देताना आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. मग टाइप करून घ्या, आणि टाइप करताना शुद्धलेखन सुधारू नका, "आशिरवाद" लिहिलंय तर तसंच. वाचता आलं नाही तिथे कंस करून प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने शब्द भरू नका.

उरलेली माहिती हवी असेल तर डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक) शोधा, त्यात नंबर, युनिट, मेडल सगळं असतं, आणि त्या नंबरवरून रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, आई हयात असेल तर अर्ज तिच्या सहीने गेलेला बरा.

मुलांनी बाबांना पाठवलेली पत्रं सहसा मिळत नाहीत, सारखं हलणारा माणूस किती कागद सांभाळणार. तरी ट्रंकेच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला असेल तर तो, आणि डिस्चार्ज बुकच्या कव्हरची घडी, एवढं बघून घ्या.

शेवटी वाटप, यावरून भांडणं होतात. मूळ पत्रं एकाच घरात राहू द्या, वाटून घेऊ नका, बाकी भावंडांना स्कॅन द्या. फॅमिली ग्रुपवर टाकताना फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर व्हॉट्सॲप बारीक करून टाकतं आणि उंटाच्या पोटाखालचं अक्षर कोणालाच वाचता येत नाही.