कंपनीतला जुना फायरवॉल घरी बसवला: माझा अनुभव

मालवणला आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्यांचे मोबाईल आणि आमचे कॅमेरे एकाच नेटवर्कवर, हे मला फार खुपायचं. मुंबईहून एका कंपनीने काढून टाकलेला फायरवॉल (नेटवर्कमधली ये-जा तपासणारं, नको ती अडवणारं यंत्र) आणला. लायसन्स संपलेलं, पण आतला इंटेल प्रोसेसर आणि सहा लॅन पोर्ट ठणठणीत.

स्क्रीन जोडायला जागाच नाही. यंत्राचा मजकूर संगणकावर दाखवणारी कन्सोल केबल लावली तर नुसती अगम्य चिन्हं. या जोडणीचा वेग 9600 वरून 115200 केला आणि ओळी स्वच्छ उमटल्या. मग पेनड्राइव्हवरून ओपनसेन्स या मोफत फायरवॉल सॉफ्टवेअरची सीरियल इमेज, म्हणजे स्क्रीनऐवजी कन्सोल केबलवरून चालणारी आवृत्ती, टाकली. अशा यंत्राला तीच घ्या.

तरी इंटरनेट येईना. अख्खी संध्याकाळ गेली. फायबरच्या मोडेमचा पत्ता 192.168.1.1 आणि ओपनसेन्सच्या लॅनचाही (घरातल्या नेटवर्कचाही) तोच, म्हणून गोंधळ! लॅन 192.168.10.1 केला, लगेच सुरू झालं.

पाहुण्यांना वेगळा पोर्ट दिला. फायरवॉलचे नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो, म्हणून आमच्या लॅनकडे जाणं अडवणारा नियम परवानगीच्या वर ठेवला.

आणि हो, खारी हवा. पंखा ती आत ओढतो. त्यामुळे यंत्र समुद्राकडच्या खिडकीत न ठेवता माजघरात ठेवलंय.