मेट्रिकला हात लावण्याआधी

"दुसरी लाइन घेतली, तिचं मेट्रिक कमी केलं, तरी बॅकअप जुन्याच लाइनवरून जातोय." ही तक्रार आली की मी मेट्रिक, म्हणजे वाटेचा पसंतीक्रम ठरवणारा आकडा (लहान तो वरचढ), बघतच नाही. लिनक्स गेटवेवर, म्हणजे ऑफिसचं नेटवर्क इंटरनेटला जोडणाऱ्या मशीनवर, आधी 'आयपी रूल' चालवायला सांगतो. कुठल्या पॅकेटसाठी (डेटाच्या तुकड्यासाठी) वाटांची कुठली यादी, म्हणजे टेबल, बघायची याचे नियम ही कमांड दाखवते.

कोऱ्या मशीनवर तीन ओळी दिसतात, प्रत्येकीत नियमाचा आकडा आणि त्याच्या टेबलाचं नाव: ० लोकल, ३२७६६ मेन, ३२७६७ डिफॉल्ट. लहान आकड्याचा नियम आधी तपासला जातो. वाटा (राउट) दाखवणारी नुसती 'आयपी राउट' कमांड फक्त मेन टेबल दाखवते, आणि वरच्याच नियमात वाट मिळाली तर मेनपर्यंत पाळी येत नाही. नियम लागू पडला पण त्याच्या टेबलात वाटच नसेल, तर शोध पुढच्या नियमाकडे सरकतो. तिथे वाटेऐवजी ब्लॅकहोल किंवा अनरीचेबल (पुढे पाठवूच नकोस) लिहिलेलं असेल तर मात्र पॅकेटचा प्रवास तिथेच संपला.

नियम घालताना आकडा स्वतः द्या. नाही दिला तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ३२७६५, मग ३२७६४ असा उलटा मोजत जातो, म्हणजे मागून आलेला नियम पुढे बसतो. रांगेत घुसणाऱ्यांचा त्रास काय असतो ते सांगायला नको.

समजा बॅकअप सर्व्हर १९२.१६८.२०.५ आहे आणि नव्या लाइनचा डिफॉल्ट राउट (दुसरी नेमकी वाट नसेल तेव्हा धरायची वाट) टेबल २०० मध्ये आहे. १००० क्रमांकावर 'फ्रॉम १९२.१६८.२०.५ लुकअप २००' लिहिलं की बॅकअप नव्या लाइनवर जातो. पण आता हाच सर्व्हर १९२.१६८.३०.० मधल्या प्रिंटरकडे निघाला तरी पॅकेट थेट इंटरनेटच्या दिशेने जाणार, कारण टेबल २०० ला ऑफिसचं नेटवर्क ठाऊकच नाही. म्हणून ९०० वर 'लुकअप मेन सप्रेस_प्रीफिक्सलेंग्थ ०' घाला: मेन आधी बघ, पण त्यातला डिफॉल्ट धरू नकोस. वायरगार्ड या व्हीपीएनची डब्ल्यूजी-क्विक स्क्रिप्टही हीच युक्ती वापरते.

टेबलाच्या आत सगळ्यात नेमका पत्ता जिंकतो. पत्त्यामागचा /२४ सारखा आकडा (प्रीफिक्सची लांबी) जितका मोठा तितका पत्ता नेमका; /० म्हणजे डिफॉल्ट. /२४ च्या तुलनेत /० चं मेट्रिक कितीही कमी असो, उपयोग नाही. दोन्ही राउटचा प्रीफिक्स एकच असेल तेव्हाच मेट्रिकला किंमत. आणि आयपीव्ही४ मध्ये मेट्रिक न लिहिणं म्हणजे ०, सर्वांत वरचढ; हाताने घातलेला एखादा विसरलेला राउट असाच ठाण मांडून बसलेला सापडतो.

शेवटी कर्नललाच विचारा: 'आयपी राउट गेट ८.८.८.८ फ्रॉम १९२.१६८.२०.५ आयआयएफ' आणि पुढे आतल्या इंटरफेसचं (सर्व्हरचं पॅकेट गेटवेत जिथून शिरतं त्या जोडणीचं) नाव. ते नाव गाळलंत तर एरर येईल, कारण १९२.१६८.२०.५ हा पत्ता गेटवेचा स्वतःचा नाही.