कॅल्क्युलेटर हातात घेऊन परावर्ती एलसीडी प्रोजेक्टर कसा समजून घ्यावा

घरातला साधा सोलर कॅल्क्युलेटर आणि एक पोलराइज्ड गॉगल शोधून ठेवा. महागड्या प्रोजेक्टरच्या पोटात जे चालतं, त्याचं मूळ या दोन वस्तूंत दिसतं.

पायरी १. कॅल्क्युलेटरवर ८८८८ टाइप करा, खिडकीपाशी जा आणि तो तिरका धरून बघा. प्रत्येक आकड्याच्या किंचित मागे त्याची फिकट सावली पडलेली दिसेल. बाहेरचा उजेड आत शिरतो, लिक्विड क्रिस्टलचा (द्रवासारखा वाहणारा, पण रेणू ओळीत असलेला पदार्थ) थर ओलांडतो, मागच्या चंदेरी थरावर आपटतो आणि त्याच वाटेने परत येतो. यालाच परावर्ती एलसीडी म्हणायचं.

पायरी २. आता गॉगल डोळ्यांसमोर धरून कॅल्क्युलेटर हळूहळू गोल फिरवा. एका कोनात सगळा पडदा काळा पडेल. पडद्यावरच्या पातळ फिल्ममधून येणारा उजेड एकाच दिशेत कंप पावत असतो आणि गॉगल नेमकी तीच दिशा अडवतो. लिक्विड क्रिस्टल स्वतः उजेड तयार करत नाही की थांबवत नाही, फक्त ही दिशा वळवतं. एवढं डोळ्यांनी पाहिलंत की पुढचं सगळं सोपं आहे.

पायरी ३. साध्या एलसीडी प्रोजेक्टरच्या पडद्याजवळ, अगदी हातभर अंतरावर उभे राहा. चित्रावर बारीक जाळी दिसते. तिथे उजेड पॅनेलच्या, म्हणजे चित्र घडवणाऱ्या छोट्या एलसीडी तुकड्याच्या, आरपार जातो, आणि प्रत्येक ठिपक्याच्या कडेला असलेले ट्रान्झिस्टर (ठिपका चालू-बंद करणारे इवलेसे स्विच) नि तारा त्याची वाट अडवतात. परावर्ती पॅनेलमध्ये ही अडचण मुळातूनच सोडवली आहे: खाली सिलिकॉनची चिप, तिच्यावर ॲल्युमिनियमचे इवलेसे आरसे, त्यावर लिक्विड क्रिस्टल आणि सगळ्यात वर काच. तारा आरशांखाली दडतात, म्हणून जाळी जवळजवळ नाहीशी होते. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वेगळीच वाटते. उजेड थरातून दोनदा जातो, त्यामुळे थर निम्मा पातळ ठेवला तरी काम भागतं. थर जितका पातळ, तितकं क्रिस्टल चपळ. जाडी निम्मी झाली की वळायला लागणारा वेळ साधारण चौथ्या हिश्शावर येतो.

हे एका रात्रीत जमलेलं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ह्यूजेस कंपनीने ‘लाइट व्हॉल्व्ह’ घडवला. त्यात छोट्या पिक्चर ट्यूबवरचं चित्र प्रकाशसंवेदी थरावर पडे आणि तो थर पलीकडच्या क्रिस्टलला हलवे. पुढे जेव्हीसी या जपानी कंपनीने ट्यूब काढून टाकली आणि चिपनेच थेट क्रिस्टल हलवायचं तंत्र १९९० च्या दशकाअखेरीस डी-आयएलए या नावाने आणलं. सोनीचं याच धर्तीचं तंत्र, एसएक्सआरडी, २००३ चं. इंटेलसारख्या बलाढ्य चिप कंपनीने २००४ च्या जानेवारीत अशी पॅनेल बनवण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी काम गुंडाळलं. चिप बनवता येणं वेगळं. तिच्यावर काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर सगळीकडे अगदी सारखा बसवणं वेगळं.

पायरी ४. असा प्रोजेक्टर घ्यायचा विचार असेल, तर दुकानात तो सुरू करून अर्धा तास तापू द्या. मग काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं लावा आणि पडद्याजवळ जा. लाल, हिरव्या, निळ्या रंगाला वेगवेगळं पॅनेल असल्यामुळे, ती तिन्ही नीट जुळली नसतील तर अक्षराच्या कडेला रंगीत रेघ डोकावते. थोडी असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये मेनूतून जुळवता येते. एका कोपऱ्यात जुळवली की दुसऱ्या कोपऱ्यात फुटत असेल, तर तो नग घेऊ नका.

पायरी ५. खोलीतले सगळे दिवे बंद करून फक्त काळं चित्र लावा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. या जातीच्या चांगल्या प्रोजेक्टरमध्ये व्होल्टेज नसताना क्रिस्टलचे रेणू पॅनेलवर काटकोनात उभे असतात, उजेडाची दिशा वळत नाही आणि तो लेन्सकडे न जाता दिव्याकडेच परत फिरतो. म्हणून पडद्याची कड शोधावी लागली पाहिजे. चारही कोपरे नीट बघा; एखादा कोपरा राखाडी उजळलेला दिसला, तर दुसरा नग लावायला सांगा.