पहिल्या ट्रेकची तयारी उतरणीपासून करा: या चुका टाळा

कळसूबाईला पहिल्यांदा गेलो तेव्हा बारी गावातून माथ्यावर पोहोचायला साडेतीन तास लागले आणि खाली यायला साडेचार. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणून महिनाभर जिने चढून दम वाढवला होता. दम पुरला, गुडघे पुरले नाहीत. पुढे बऱ्याच नवख्या मंडळींना घेऊन डोंगर हिंडलो आणि दर वेळी हेच दिसलं. सगळे चढायची तयारी करून येतात आणि हाल होतात उतरताना. पाय मुरगळतो, अंगठ्याचं नख काळं पडतं, अंधारात वाट चुकते ती बहुतेक दुपारनंतरच. त्यामुळे चुकाही त्याच बाजूने सांगतो.

सराव फक्त चढायचा

चढताना मांडीचे स्नायू आकसत जोर लावतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना अख्ख्या शरीराचा भार रोखून धरतात. रोजच्या आयुष्यात हे काम त्यांना फारसं पडत नाही, म्हणून तासाभरात पाय लटपटायला लागतात आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं. ट्रेकच्या आधी महिनाभर, आठवड्यातून तीनदा, पाठीवर चार-पाच किलोची सॅक घेऊन जिने सावकाश उतरा. पुण्यातली मंडळी सरावाला आतकरवाडीतून सिंहगड चढतात, वर पिठलं-भाकरी खातात आणि गाडीने खाली येतात. तसं करू नका. पायवाटेनेच उतरा, कारण हवा तो सराव तिथेच होतो.

उतरताना पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उतारावर, भीती वाटली की माणूस आपसूक मागे रेलतो. त्याने वजन तळपायावरून सरकतं, पाय पुढे निसटतो आणि माणूस पाठीवर आपटतो. भार पायावरच राहू द्या, अंग जरा तिरकं करा आणि पुढचं पाऊल स्थिर झाल्यावरच मागचं उचला. शिडीवरून किंवा कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवरून उतरताना तोंड डोंगराकडे हवं. कारवीची वाळकी काटकी आधाराला धरू नका, ती हातात मोडून येते.

पाय लटपटायलाच लागले तर दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं थांबा, सॅकमधलं जड सामान सोबत्याला द्या. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पंजा हळूहळू स्वतःकडे ओढा आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्या. त्यासाठी पाणी उरलेलं असावं लागतं. माणशी तीन लिटर घ्या आणि त्यातलं निदान एक लिटर माथ्यावरून खाली निघताना बाटलीत असू द्या.

माळ्यावरचे बूट

आमच्यातल्या एकाने घरात पाच वर्षं खोक्यात पडून असलेले बूट घातले होते. दिसायला कोरे करकरीत. कळसूबाईच्या शिड्या उतरून झाल्या आणि उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला, दहा मिनिटांत पंजापर्यंत जबड्यासारखा उघडला. न वापरता ठेवलेल्या बुटाचा डिंक आणि तळाचा फोम दमट हवेत आतून कुजतो, वरून काही कळत नाही. आम्ही सॅकची सुटी दोरी घेऊन बूट आणि तळ तीन वेढ्यांत घट्ट आवळला आणि गाठ पावलाच्या वर मारली. आधी ती खाली मारली होती, दगडावर घासून लगेच तुटली. तेव्हापासून चार मीटर दोरी आणि चिकटपट्टीची गुंडाळी माझ्या सॅकमध्ये कायम असते.

नवे बूटही थेट डोंगरावर नेऊ नका. आधी गावात तीस-चाळीस किलोमीटर चाला. माप घेताना जाड मोजे घालून अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. दोन दिवस आधी पायाची नखं कापा. आणि माथ्यावरून निघताना नाडी सोडून घोट्यापाशी पुन्हा आवळा. पाऊल आत पुढे सरकायचं थांबलं की नखं वाचतात.

गाव दिसतंय म्हणून सरळ खाली

सगळ्यात धोक्याची चूक हीच. चढताना बहुतेक वाटा माथ्याकडे येऊन एकमेकींना मिळतात, उतरताना त्याच फुटत जातात. त्यात गुरांच्या येण्याजाण्याने पडलेल्या ढोरवाटा इतक्या मळलेल्या असतात की हीच मुख्य वाट असं वाटतं. ती एखाद्या पाणवठ्यापाशी किंवा चराईच्या पदरात, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, जाऊन संपते. म्हणून चढतानाच प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहा आणि एक फोटो काढून ठेवा. परतताना वाट तशीच दिसणार आहे.

वाट चुकली की कोणीतरी हमखास म्हणतं, ओढ्याच्या कडेने उतरू, खाली गाव लागेलच. सह्याद्रीत हा सल्ला जीवघेणा आहे. आपला डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा आहे. ओढा उतरत उतरत थराच्या काठाशी येतो आणि तिथे सरळ कडा असतो. पावसाळ्यात जो धबधबा, तोच उन्हाळ्यात कोरडा कातळ. खाली उतरायला जागा नाही आणि घसरत आलेल्या वाटेने वर चढता येत नाही, अशा ठिकाणी माणसं अडकतात. शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथवर परत चढा, कितीही जिवावर आलं तरी. सापडत नसेल तर सगळे एकत्र थांबा आणि ११२ ला फोन करा. घळीपेक्षा सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवर, रेंज मिळायची शक्यता जास्त.

निघायची वेळ ठरवली, परतायची नाही

डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारून येतं. नवख्या माणसाला उतरायला चढण्याइतकाच वेळ लागेल असं धरा. सहा तासांचा ट्रेक असेल तर दुपारी एक वाजता, जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे घरून निघतानाच सगळ्यांनी मान्य केलेलं असू द्या. माथा अर्ध्या तासावर दिसत असताना हा निर्णय घेता येत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, कारण मोबाइल धरला की एक हात अडकतो आणि उतरताना दोन्ही लागतात.

पहिलाच ट्रेक भर पावसात

हिरवे फोटो बघून मोह होतो, तो मलाही होतो. पण शेवाळलेला कातळ आणि धुक्यात गेलेली वाट हे पहिल्या ट्रेकला नको. पाण्याचा तर भरवसाच नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी एकाएकी वाढलं आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मळवलीहून लोहगड करा, वर जायला पायऱ्या आहेत. राजगड त्यानंतर. अलंग-मदन-कुलंग किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट यांचा विचार काही वर्षांनी.

मधमाश्या चवताळू नयेत म्हणून अत्तर लावू नका, कड्याजवळ धूर करू नका. आग्यामोहोळ उठलं तर अंग झाकून लगेच लांब जा, मात्र कड्याच्या दिशेने पळू नका.

पायथ्याला ज्यांच्या अंगणात गाडी लावाल त्यांना कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते सांगून जा. माथ्यावरून पाठवलेला फोटो पाहून घरचे निर्धास्त होतात, पण तेव्हा निम्मा डोंगर अजून बाकी असतो. घरी फोन करायचा तो खाली उतरून, सगळी माणसं मोजून झाल्यावर.