लीगचे संघ टिकवायचे कसे: बोलिंग सेंटर चालवणाऱ्यांसाठी

अमेरिकेतलं बोलिंग सेंटर, म्हणजे लांबट लेनवरून बॉल सोडून टोकाच्या दहा पिन पाडायच्या खेळाचं ठिकाण, शनिवार-रविवारी वाढदिवसाच्या पार्ट्यांवर चालतं आणि सोमवार ते गुरुवार लीगवर. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे उलटला की लीग सुरू होते, ती एप्रिल-मेपर्यंत: तीस-बत्तीस आठवडे, तोच वार, तीच वेळ, तेच संघ. मुंबई-पुण्याच्या मॉलमधलं बोलिंग पाहिलेल्यांना हे नवं वाटेल. पण टर्फवर दर मंगळवारी रात्री नऊचा स्लॉट वर्षभर अडवून ठेवणारा बॉक्स क्रिकेटचा ग्रुप आठवा, गोष्ट तीच आहे.

आधी हिशेब. चार-चार जणांचे 16 संघ म्हणजे 64 खेळाडू. प्रत्येकाने आठवड्याला 20 डॉलर भरले आणि त्यातले 13 लेनचे म्हणून सेंटरला मिळाले, तर 32 आठवड्यांत 26,624 डॉलर होतात. एक संघ गळला की 1,664 डॉलर गेले, खाणंपिणं वेगळंच. शिवाय समोरच्या संघाला दर काही आठवड्यांनी रिकाम्या जागेशी खेळावं लागतं. तो कंटाळतो आणि पुढच्या वर्षी तोही जातो.

बहुतेक सेंटरवाले इथे पॉइंट्सचं कार्ड छापतात: दहा वेळा या, एक गेम फुकट. लीगवाल्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, कारण तो सेंटरशी बांधलेला नसतोच. तो बांधलेला असतो आपल्या तीन सोबत्यांशी आणि बुधवार संध्याकाळशी. म्हणून सांभाळायचा तो संघ, सुटा खेळाडू नव्हे. संघ मोडतो तेव्हा एका वेळी एकच माणूस कमी होतो. कुणाची शिफ्ट बदलते, कुणाचा गुडघा दुखतो. चाराचे तीन झाले की उरलेले तिघं दोन-तीन आठवडे रेटतात आणि मग एकदम थांबतात. सेंटरच्या हातात असतात ते हेच दोन-तीन आठवडे.

त्यासाठी बदली खेळाडूंची यादी हंगामाच्या आधीच तयार हवी. 16 संघांना आठ ते दहा नावं पुरतात. प्रत्येक नावापुढे फोन नंबर, सरासरी आणि कोणत्या वारी मोकळे तेही लिहा. जागा रिकामी झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच कॅप्टनला दोन नावं द्या. शोधाशोध त्याच्यावर सोडू नका. लीगच्या नियमांत गैरहजर माणसाचा स्कोअर सहसा त्याच्या सरासरीतून 10 पिन वजा करून धरतात (स्कोअर पिनांतच मोजतात). एखाद्या रात्रीपुरतं ते ठीक आहे. पण कायम रिकाम्या राहणाऱ्या जागेला बैठकीत ठरवलेला पक्का आकडा लागतो, समजा 120, आणि तो मुद्दाम कमी ठेवतात. त्यामुळे तीन माणसांचा संघ हरत राहतो. कॅप्टनला बदलीचा माणूस देणं फी माफ करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

सेक्रेटरी हा लीगचा कणा. वेळापत्रक, सरासऱ्या, क्रमवारी, वसुली सगळं तोच बघतो, आणि त्याचं मानधन लीगच्याच पैशातून जातं. त्याच्यासाठी काउंटरमागे टेबल, प्रिंटर आणि फीची पाकिटं ठेवायला कुलूपबंद खण असावा. क्रमवारीचा कागद सामन्यांच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागलाच पाहिजे. पुढच्या बुधवारी जुनाच कागद लटकताना दिसला की खेळाडूंना वाटतं, आपल्या लीगला वाली नाही.

पैशाबाबत भिशीचाच नियम: वर्षभर पैसा जमा होतो, वाटप शेवटी होतं, त्यामुळे संशयाला जागा भरपूर. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस, म्हणजे यूएसबीसी, ही 2005 साली जुन्या संघटना एकत्र करून झालेली राष्ट्रीय संस्था. तिच्या मान्यतेच्या लीगमध्ये बक्षिसाचा पैसा लीगच्या नावाच्या बँक खात्यात जातो, पैसे काढायला दोन सह्या लागतात आणि अध्यक्षाने दर महिन्याला शिल्लक तपासायची असते. सेंटरने हा पैसा आपल्या गल्ल्यात एक रात्रही मिसळू नये. शेवटच्या दोन आठवड्यांची फी पहिल्या चार-पाच आठवड्यांतच वसूल करून ठेवण्याची पद्धत आहे. ती पाळा, नाहीतर मार्चमध्ये तळाचे संघ बाकी ठेवून गायब होतात.

तळाचे संघ गायब का होतात, याचं उत्तर बक्षिसाच्या वाटणीत असतं. वरच्या उदाहरणात आठवड्याला प्रत्येकी 5 डॉलर बक्षिसाच्या खात्यात गेले, तर वर्षाचे 10,240 जमतात. त्यातले अर्धे पहिल्या दोन संघांना दिले, तर जानेवारीपासून बाराव्या क्रमांकाचा संघ फक्त रडतखडत येतो. त्याऐवजी निम्म्याहून थोडे जास्त पैसे गुणांना बांधा. एका सामन्यात सात गुण असतील, म्हणजे तीन गेमचे प्रत्येकी दोन आणि एकूण बेरजेचा एक, तर आठवड्याला आठ सामन्यांचे 32 आठवड्यांत 1,792 गुण होतात. गुणामागे 3 डॉलर धरले की 5,376. उरलेले 4,864 क्रमांकांना आणि वैयक्तिक बक्षिसांना. आता शेवटच्या संघालाही एप्रिलमधला एक गुण तीन डॉलरचा आहे. जोडीला हंगामाचे दोन भाग करा आणि पहिल्या भागाचा विजेता शेवटी दुसऱ्या भागाच्या विजेत्याशी खेळवा. डिसेंबरनंतर सगळ्यांची पाटी कोरी होते.

हँडिकॅपवरून भांडणं होणारच. हँडिकॅप म्हणजे कमजोर खेळाडूला दर गेमला मिळणाऱ्या जादा पिन: एक ठरलेला आकडा, म्हणजे पाया, आणि त्याची सरासरी यांतल्या फरकाचे ठरलेले टक्के. 220 पाया आणि 90 टक्के धरले, तर 150 सरासरीच्या खेळाडूला गेममागे 63 पिन मिळतात आणि 200 सरासरीच्याला 18. म्हणजे 50 पिनांच्या फरकातले 45 भरून निघतात आणि चांगल्या खेळाडूकडे थोडी आघाडी उरते, जी योग्यच आहे. पाया 200 ठेवला आणि लीगमध्ये 215 सरासरीचे चार जण असले, तर त्या 15 पिनांची भरपाई कुणालाच मिळत नाही आणि कमजोर संघ तक्रार करणारच. पाया सगळ्यात वरच्या सरासरीपेक्षा जास्त हवा, हे सेक्रेटरीला बैठकीच्या आधी सांगा. मुद्दाम कमी खेळून सरासरी पाडणाऱ्यांवर उपाय एकच: मागच्या हंगामात किमान 21 गेमवर बनलेली सरासरी सुरुवातीला धरायची, असा नियम लिहून घ्यायचा. तोंडी समज दिल्याने फक्त मनं दुखावतात.

आता सेंटरचं स्वतःचं काम. खेळाडू सोडून जाताना कारण सांगतो 'वेळ जमत नाही'. बरेचदा त्याला म्हणायचं असतं की रात्री फार उशीर होतो. लेनच्या जोडीवर आठ जण, प्रत्येकी तीन गेम, म्हणजे 24 गेम. प्रत्येक लेनवर 12. गेमला दहा मिनिटं धरली तर दोन तास, आधी दहा मिनिटांचा सराव. साडेसहाला सुरू झालेली लीग पावणेनऊला सुटायला हवी. पाच-पाच जणांचे संघ असतील तर आणखी अर्धा तास. दहा वाजत असतील तर दोष सहसा पिन उभ्या करणाऱ्या यंत्राचा असतो, खेळाडूंचा नव्हे.

मशीनघरात वही टांगा आणि प्रत्येक थांबा लिहा: लेन, वेळ, कारण. पिन जागेवरून सरकली, बॉल परत आला नाही, पिन वर चढताना अडकली, एवढी तीन कारणं बहुतेक रकाने भरतात. महिन्याअखेरीस वही चाळलीत की सगळे थांबे चार-पाच लेनवरच जमलेले दिसतात. त्या लेन दुरुस्त होईपर्यंत लीगला देऊ नका. लीगच्या रात्री मेकॅनिक इमारतीत असलाच पाहिजे. फोनवर असलेला मेकॅनिक हा मेकॅनिक नव्हे.

लेनवरचं तेल हा दुसरा नाजूक विषय. फाऊल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत 60 फूट; त्यातल्या साधारण पहिल्या 40 फुटांवर तेल असतं, मध्ये जाड, कडांना पातळ. त्यामुळे थोडा चुकलेला बॉलही बऱ्यापैकी जागेवर पोचतो, आणि लीगवाल्याला तेच हवं असतं. दुपारी काही लेनवर खुला खेळ, म्हणजे लीगबाहेरच्या गिऱ्हाइकांचा, झाला की तिथलं तेल उडतं, शेजारच्या लेनवर तसंच राहतं आणि त्या जोडीवर एकाच माणसाचा बॉल दोन तऱ्हांनी वळतो. खेळाडू समजतो त्याचाच हात बिघडला. म्हणून लीगच्या आधी लेन पुन्हा साफ करून तेल घाला. 32 लेनला तास-सव्वा तास लागतो, तेवढा वेळ खुला खेळ बंद. तेलाचा नकाशा, म्हणजे कुठे किती तेल, हंगामाच्या मध्यात बदलू नका. बदलायचाच असेल तर आधी कागद लावा.

दोरीला बांधलेल्या पिनांची यंत्रं घ्यायचा विचार असेल तर लीगवाल्यांना वर्षभर आधी सांगा. देखभाल स्वस्त होते हे खरं. पण पिन वेगळ्या पडतात, स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिन) कमी होतात, आणि यूएसबीसी त्या खेळाला वेगळा प्रकार मानते. अचानक घसरलेली सरासरी अपमानासारखी लागते.

पाहुणचाराच्या गोष्टी छोट्या आहेत, पण चुकतात. लीगच्या शेजारी दहा मुलांची पार्टी बसवायची असेल तर मध्ये लेनची एक जोडी रिकामी सोडा. कंपनीची मोठी बुकिंग आली म्हणून लीगला दुसऱ्या वारी ढकलायचं नाही. एकदा ढकललंत की तो बुधवार त्यांचा राहत नाही. भाव वाढवायचा असेल तर हंगाम संपण्याआधीच्या बैठकीत सांगा, सप्टेंबरमध्ये नाही.

कौतुक 300 च्या, म्हणजे सगळे स्ट्राइक असलेल्या, गेमचं होतंच, पण तो खेळणारे मोजके. 140 सरासरीच्या माणसासाठी बोर्डावर वेगळे रकाने ठेवा: सरासरीपेक्षा 50 पिन वर, तीनही गेमचा आकडा एकच, स्ट्राइक आणि स्पेअर (दोन बॉलांत दहाही पिन) आलटून पालटून बरोबर 200, 7-10 स्प्लिट (मागच्या दोन टोकांना उरलेल्या पिन) साफ. फोटो नको, नाव पुरे. कागद मात्र दर आठवड्याला नवा हवा.

नवे लोक आणायला 10-12 आठवड्यांची उन्हाळी लीग काढा, जिच्या फीमध्ये बॉल येतो. आठवड्याला 20 प्रमाणे 12 आठवड्यांचे 240, त्यात हाताच्या मापाने भोकं पाडलेला बॉल. तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच हातात द्या, शेवटी नाही. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याचं भोक पुन्हा तपासा. नवशिका बॉल घट्ट धरतो, अंगठा सोलवटतो आणि लाजेखातर बोलत नाही. भोकात टेपचा एक तुकडा लावला की काम होतं. एका संध्याकाळी अर्धा तास फक्त 10 नंबरच्या, म्हणजे मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या, पिनचा स्पेअर शिकवा. उजव्या हाताच्या खेळाडूंना सगळ्यात जास्त तोच छळतो.

नोंदणीचा कागद 32 पैकी 24व्या आठवड्याला फिरवा. शेवटच्या रात्री मेजवानी असते, सगळे हो म्हणतात आणि सप्टेंबरमध्ये कुणी फोन उचलत नाही. कागदावर चार नावं, पसंतीची वेळ आणि कॅप्टनची सही. ज्या संघात 'नक्की नाही' लिहिलेलं एकही नाव असेल त्या कॅप्टनशी त्याच आठवड्यात बोला आणि बदलीच्या यादीतला माणूस उरलेल्या आठ आठवड्यांतच त्यांच्यासोबत दोनदा खेळवा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोन करायचा तो कॅप्टनला, काउंटरवरच्या ओळखीच्या माणसाने. आणि उन्हाळ्यात लॉकर रिकामे करायला लावू नका. मे ते ऑगस्टचं भाडं सोडून द्या. बॅग तिथे आहे तोवर माणूस परत येतो.