आमदारांसाठी रिसर्च करताय? मग या चुका टाळा

रत्नागिरीत कॉलेजची मुलं आमदारांसाठी ज्या अभ्यास-नोट्स बनवतात त्या मी बरीच वर्षं तपासून देतोय, आणि दर वर्षी त्याच चुका दिसतात म्हणून आज लिहायलाच बसलो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे हद्द न बघता आकडे घेणं. एका ग्रुपने स्थलांतरावर नोट केलेली, 1971 ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या साधारण 20 लाख, 2011 ला 16 लाख 15 हजार, म्हणजे चार लाख माणूस मुंबईला गेलं, ग्राफपण मस्त काढलेला. अरे पण 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग वेगळा झाला ना! मालवण, कणकवली, सावंतवाडी सगळं त्याआधी रत्नागिरीतच होतं. सिंधुदुर्गचे 2011 चे साडेआठ लाख मिळवले की बेरीज साडेचोवीस लाखांवर जाते, म्हणजे माणसं कमी झालीच नाहीत. तोवर नोट आमदारांच्या पीएकडे पोचलेली, लक्षवेधीचा (सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधायच्या सूचनेचा) मसुदा त्यावर चाललेला, रात्री दहाला फोन करून मला तो थांबवायला लागला. स्थलांतर खोटं नाहीये, 2011 ला जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, बापये कामाला बाहेर हे त्यातच दिसतं. पण मंत्र्यांनी सभागृहात तो एक आकडा खोडला असता तर गावागावातल्या बंद घरांचा खरा प्रश्नपण तिथेच संपला असता, याचं मला जास्त वाईट वाटतं. मी जुना आकडा दिसला की आधी तालुक्यांची यादी काढतो आणि तालुक्यातालुक्याने बेरीज करतो. वेळ जातो, जाऊ दे. गुगलवर पहिला दिसला तो आकडा उचलायची घाई मला अजिबात पटत नाही.

दुसरं, राज्याच्या हातात नसलेली मागणी. एलईडी मासेमारीवर, म्हणजे समुद्रात झगझगीत दिवे लावून मासे गोळा करून पकडण्यावर, नोट आली की हमखास वाक्य असतं, राज्याने 200 सागरी मैलांपर्यंत कारवाई करावी. राज्याचा 1981 चा सागरी मासेमारी कायदा 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, पुढे केंद्राचा विषय. रापणकरांसाठी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्यांसाठी, खरंच काही व्हावं असं वाटत असेल तर गस्तीच्या बोटी, दंडाची वसुली, खात्यातल्या रिकाम्या जागा हे मागा, ते विधानभवनात विचारता येतं. सीआरझेडचंपण (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांचंपण) तेच, अधिसूचना केंद्राची असते.

जीआरचा (शासन निर्णयाचा) दाखला देताना तारीख आणि त्यावरचा संकेतांक लिहा, आणि तो नंतरच्या जीआरने रद्द झालाय का ते बघा.

चाळीस पानं नकोत, दोन पानं मराठीत द्या.

आणि मच्छीमारांशी बोलायला जेटीवर जून-जुलैत जाऊ नका, 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, होड्या वर ओढून शाकारलेल्या (झाकलेल्या), खलाशी आपापल्या गावी. एरवीसुद्धा लिलाव चालू असताना वही काढू नका, तो संपून माणसं जाळी शिवायला बसली की शेजारी जाऊन बसा, पहिली दहा मिनिटं काही विचारू नका.