भूशास्त्राची सुरुवात: आधी खूण, नाव शेवटी

भूशास्त्र शिकायला बसलेल्या मुलांच्या हाती बहुतेक वेळा आधी यादीच पडते: अग्निज, स्तरित, रूपांतरित, प्रत्येकाची चार उदाहरणं, मग भूरूपांची नावं. यादी पाठही होते. पण रस्त्याकडेचा दगड समोर ठेवला की तीच मुलं गप्प होतात, कारण दगडात नेमकं काय बघायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी खूण बघायची, मग ती कशामुळे उमटली ते शोधायचं, नाव सगळ्यांत शेवटी.

पहिला नमुना ग्रॅनाइटचा घ्यावा. काचेसारखं करडं क्वार्ट्झ, पांढरट किंवा गुलाबी फेल्स्पार आणि चकचकणारं काळं अभ्रक त्यात नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळं दिसतं. ही खनिजं, आणि ती एकमेकांत घट्ट गुंतून झाला तो खडक. हा भेद इथे जितका सहज कळतो तितका व्याख्येतून कळत नाही. मग शेजारी बेसॉल्ट ठेवा. त्यात कणच दिसेनात, असं मुलं म्हणतील, आणि तेच त्यांना दिसायला हवं. लाव्हा पृष्ठभागावर लवकर थंड झाला, स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला नाही. ग्रॅनाइटचा शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीखाली खोलवर सावकाश निवत गेला, म्हणून त्याचे स्फटिक मोठे. नंतर वालुकाश्म दाखवा. त्यातही कण दिसतात, पण ते गुंतलेले नसतात, चिकटवलेले असतात. कच्चा वालुकाश्म अंगठ्याने घासला तरी वाळू सुटते.

भिंग १० पटीचं पुरतं. ते दगडावर धरून लांबून डोकावण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडावी. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि दगड हळूहळू पुढे आणायचा. साधारण अडीच सेंटिमीटरवर तो स्पष्ट होतो. बघायचं ते ताज्या फुटलेल्या बाजूकडे. हवापाण्याने बाहेरचा रंग बदलतो. आतून काळा असलेला बेसॉल्ट, त्यातलं लोह गंजल्यामुळे, वरून तांबूस-तपकिरी दिसू शकतो. दगड फोडायचं काम मोठ्या माणसाने, तेही गॉगल लावून करावं, कारण कपच्या कुठेही उडतात.

खनिज ओळखताना रंगावर विसंबू नये. पांढरं क्वार्ट्झ आणि पांढरं कॅल्साइट शेजारी ठेवलं तर नवख्याला दोन्ही सारखीच वाटतात. इथे जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली कठिनतेची १ ते १० श्रेणी कामी येते. नखाची कठिनता सुमारे २.५, काचेची ५.५. कॅल्साइट ३ वर, क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतं, कॅल्साइट काढत नाही. काच टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका. घासल्यावर रेघ दिसली म्हणजे ओरखडाच उमटला असं नाही. ओल्या बोटाने पुसून बघा. रेघ गेली तर ती मऊ खनिजाची भुकटी होती.

कसही, म्हणजे खनिज घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंगही, बघावा. फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर खनिज घासायचं. पायराइट सोन्यासारखं झळकतं, पण कस हिरवट काळा येतो. हेमॅटाइट पोलादासारखं करडं असलं तरी कस तांबडाच. क्वार्ट्झसारखं कठीण खनिज मात्र फरशीलाच घासून काढतं. तेव्हा उमटलेली पांढरी भुकटी फरशीची असते.

चुनखडकावर आम्लाने बुडबुडे येतात. ते बघायला व्हिनेगर चालतं, पण ते सौम्य आम्ल. अखंड दगडावर थेंब टाकला तर काहीच झालं नाही असं वाटू शकतं. खिळ्याने थोडं खरवडून भुकटीवर थेंब टाका, भिंगातून बघा, अर्धा मिनिट थांबा. त्याआधी दुसऱ्या जागी साध्या पाण्याचाही थेंब टाका, कारण सच्छिद्र कोरड्या दगडातून पाण्यानेसुद्धा हवेचे बुडबुडे येतात आणि मुलं ती आम्लाची क्रिया समजतात.

(सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी करायचा असेल तर गंमत म्हणून करा. त्यात रसायनशास्त्र आहे, ज्वालामुखी फारसा नाही. खऱ्या उद्रेकात शिलारसात विरघळलेले वायू दाब उतरल्यावर बाहेर पडतात, आणि शिलारस किती चिकट आहे यावर स्फोट होणार की लाव्हा शांतपणे वाहणार हे बरंच ठरतं.)

भूरूपांसाठी एका प्रयोगावर भरपूर वेळ घालवावा, तो म्हणजे वाळूचा ट्रे. साधारण ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद ट्रे घ्या. वरच्या दोन तृतीयांश भागात बारीक वाळूचा ५ सेंमी थर द्या. खालचा भाग मोकळा, तो समुद्र. खालच्या कडेला पाणी निघून जायला भोक हवं, नाहीतर दहा मिनिटांत सगळाच समुद्र होतो. वरची कड ३ सेंमी उचला. वाळू आधी भिजवून घ्या. कोरड्या वाळूत पाणी मुरतं आणि नदी सुरूच होत नाही. मग बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून बारीक धार सोडा. नळाची धार नको, त्याने नुसता खड्डा पडतो.

आता बोलू नका, बघू द्या. पाणी आधी पसरतं, मग एका घळीत गोळा होतं. घळीचं वरचं टोक मागे मागे सरकत जातं. खाली पाणी समुद्राला टेकतं तिथे वेग मंदावतो, वाळू टाकली जाते आणि पंख्यासारखा त्रिभुज प्रदेश पुढे वाढतो. धार त्याच्यावर एकाच वाटेने जात नाही. एक वाट भरली की दुसरी धरते. मग समुद्राचं पाणी २ सेंमी उतरवा. नदी आपल्याच त्रिभुज प्रदेशात खोल कापत जाते आणि दोन्ही बाजूंना जुन्या पातळीचे सपाट कट्टे उरतात. नदीकाठच्या पायऱ्यांसारख्या वेदिकांचं एक कारण मुलांना इथे डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

नागमोडी वळणं मात्र नुसत्या वाळूत टिकत नाहीत. काठ लगेच ढासळतात आणि प्रवाह अनेक फाट्यांत विखुरतो. वाळूत थोडी चिकणमाती मिसळा, उतार कमी करा आणि बोटाने एक वळण आखून द्या. वरून खाण्याच्या रंगाचा थेंब सोडला की बाहेरच्या काठाकडे पाणी जोरात जाताना दिसतं. तिथे काठ खचतो, आतल्या बाजूला वाळू साचते.

वलीकरणासाठी, म्हणजे खडकांच्या थरांना घड्या कशा पडतात ते दाखवायला, वेगवेगळ्या रंगांच्या मॉडेलिंग क्लेचे १ सेंमी जाडीचे चार थर एकावर एक ठेवा आणि दोन्ही बाजूंनी सावकाश दाबा. थंड, कडक क्ले दुमडण्याऐवजी तुटते. आधी हातात मळून घ्या. वर उचललेली घडी ती अपनती, खाली दबलेली ती अभिनती. आता ताणलेल्या दोऱ्याने माथा आडवा कापा. अपनतीच्या मध्यभागी सगळ्यांत खालचा, म्हणजे सगळ्यांत जुना थर उघडा पडतो. इथेच एक गैरसमज काढून टाकावा: अपनती म्हणजे डोंगर नव्हे. घडीचा माथा ताणला जाऊन तडकतो आणि लवकर झिजू शकतो, त्यामुळे अपनतीवर दरी आणि अभिनतीवर शिखर असंही होतं. वेल्समधलं स्नोडन शिखर अभिनतीवर आहे.

पृथ्वीच्या अंतरंगाची पुस्तकातली आकृती प्रमाणात नसते. १ सेंमी म्हणजे १०० किमी धरून ६४ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. खंडांखालचं कवच सरासरी साडेतीन मिलिमीटर भरेल, महासागराखालचं एक मिलिमीटरही नाही. कवचाखालचा थर, म्हणजे प्रावरण, २९ सेंमी खोलीपर्यंत जाईल. ते लाव्हारसाने भरलेलं आहे ही समजूत फार चिवट आहे. प्रावरण जवळजवळ सगळं घन आहे, फक्त अतिशय सावकाश वाहतं. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. त्या प्रावरणातून जातात आणि त्याखालच्या द्रव बाह्य गाभ्यापाशी थांबतात.

काळासाठी ४५.४ मीटर दोरी घ्या. १ सेंमी म्हणजे १० लाख वर्षं. डायनोसॉर शेवटच्या टोकापासून ६६ सेंमीवर नाहीसे होतात, आधुनिक माणूस शेवटच्या ३ मिलिमीटरांत येतो. दोरी जमिनीवर सरळ पसरा, गुंडाळी दाखवून भागत नाही.

नमुने गोळा करायला लागलात की प्रत्येकावर लगेच क्रमांक टाका आणि वहीत जागा, तारीख, दगड खडकाला जोडलेला होता की सुटा पडलेला होता, हे लिहा. सुटा दगड नदीने किंवा ट्रकनेही लांबून आणलेला असू शकतो. फोटोत शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, नाहीतर तो थर बोटभर होता की पुरुषभर, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.